लोणीहून आणलेली भिंत

परवा रिक्षात बसलो आणि शाळेचं नाव सांगितलं, तर रिक्षावाला म्हणाला, "ती भिंतवाली ना? कोण्या येड्या बाईनं भंगार आणून उभं केलंय म्हणे." मी त्याला रिक्षा कडेला घ्यायला लावली, मीटरप्रमाणे पैसे दिले आणि उरलेलं अंतर पायी गेलो. गुडघा दुखत होता, ऊन मी म्हणत होतं, पण त्या माणसाच्या रिक्षात मला बसवेना. येडी बाई म्हणे! अरे, तुला काय माहीत?

भंगार हा शब्द मात्र त्याचा खरा आहे. बाईंनी आणलं तेव्हा ते भंगार नव्हतं. त्याचं भंगार आम्ही केलं आणि त्यातला मोठा वाटा माझा. बाई आता नाहीत, त्यामुळे हे सांगू नका असं म्हणणारं कोणी उरलं नाही. आणि सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

शमीम इनामदार आमच्या महापालिकेच्या शाळेत पी.टी.च्या शिक्षिका होत्या. मी चित्रकलेचा. शिक्षकखोलीत आमची टेबलं शेजारी शेजारी होती, बावीस वर्षं. दोघांचं दुःखही एकच. पोर्शन मागे पडला की गणिताच्या बाई माझा नाहीतर इनामदार बाईंचा तास उचलून न्यायच्या, जणू आमचे तास म्हणजे त्यांनी राखून ठेवलेलं कुरणच. मी चरफडत बसायचो. इनामदार बाई शांतपणे म्हणायच्या, "न्या हो, न्या. मुलांना हातपाय आहेत हे दहावीच्या पेपरात कुठे विचारतात!"

त्यांच्या वडिलांचं भवानी पेठेत बुकबाइंडिंगचं दुकान होतं. तिथे बसून बसून बाईंचं मराठी असं झालं होतं की आमच्या मराठीच्या सरांना घाम फुटावा. उंचीने बेताच्या, अंगाने सुक्या, पायात कायम कॅनव्हासचे बूट. तरुणपणी एका गिर्यारोहण मंडळात होत्या. पोरांच्या घोळक्यात एकटी मुलगी, तीही सलवार-कमीज घालून कडे चढणारी. लग्न केलं नाही. का, हे कोणी विचारलं की म्हणायच्या, "वेळेवर कोणी विचारलं नाही आणि आता विचारलंत त्याचा उपयोग नाही."

त्यांची एक सवय सगळ्या शाळेला माहीत होती. कुठलीही गोष्ट वापरण्याआधी त्या ती ओढून बघायच्या. खुर्ची, जिन्याचा कठडा, नळ, पंख्याची दोरी. आधी ओढायचं, मग भार टाकायचा. एकदा शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. हेडमास्तरांनी खास त्यांच्यासाठी गादीची खुर्ची मांडली होती. साहेब टेकणार एवढ्यात बाई म्हणाल्या, "एक मिनिट हं," आणि त्यांनी खुर्चीची पाठ धरून एक हिसका दिला. पाठ हातात आली. हेडमास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं. बाईंनी ती पाठ त्यांच्या टेबलावर नीट ठेवली आणि म्हणाल्या, "साहेबांना स्टूल द्या. स्टूल कधी दगा देत नाही, त्याला पाठच नसते."

दुसरं म्हणजे त्या मुलांना अहोजाहो करायच्या. पाचवीतलं शेंबडं पोर असो, तरी "अहो कांबळे, पाय बघा जरा." मुलं आधी हसायची, मग महिनाभरात ताठ चालायला लागायची. शाळेच्या मागच्या बाजूला काळ्या दगडाची एक जुनी भिंत होती, दोन पुरुष उंच. बाई तिच्यावर मुलांना आडवं चढायला शिकवायच्या, जमिनीपासून दोन हात वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "हातावर लटकू नका, पायावर उभे राहा," हे वाक्य मी बावीस वर्षं खिडकीतून ऐकलं. पुढे कोण्या पालकाने तक्रार केली आणि पालिकेने त्या भिंतीला सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करून टाकला. वर हिरव्या रंगात "स्वच्छ शाळा, सुंदर शाळा" असं लिहिलं. ती अक्षरं मीच लिहिली. हुकूम होता, लिहिली.

त्या दगडावर शिकलेली आठवीतली एक मुलगी बाईंनी शहराच्या स्पर्धेला नेली होती. मीही गेलो होतो सोबत. खाजगी क्लबचं आवार, प्लायवूडची उंच भिंत, तिच्यावर रंगीबेरंगी प्लास्टिकच्या खुंट्या बोल्टने आवळलेल्या. त्यांना होल्ड म्हणतात. आमची मुलगी सरसर वर गेली. श्रीमंताघरची पोरं माना वर करून बघत राहिली. आणि मग तिने आधार म्हणून दोर अडकवायच्या लोखंडी कडीत बोट घातलं. शिट्टी वाजली. नियमाने ती कडी धरायची नसते, मुलगी बाद. तिला बिचारीला काय माहीत? दगडावर हाताला येईल ते धरायचं असतं. ती खाली उतरली, रडली नाही, फक्त बाईंना म्हणाली, "तुम्ही सांगितलं नव्हतं."

येताना बसमध्ये बाई खिडकीबाहेर बघत होत्या. स्वारगेट आलं तेव्हा म्हणाल्या, "पाटणकर सर, तिचं बरोबर आहे. मी सांगितलं नव्हतं. ही भिंत आपल्या पोरांनी बघायची तरी कुठे? क्लबच्या फाटकातून?" आणि मग, "रिटायर होण्याआधी आपल्या मैदानात एक भिंत उभी करीन. माझ्यानंतर कोणी करणार नाही." त्यांच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं होती.

नवी भिंत घेणं शक्यच नव्हतं. बाईंनी जुनी शोधली. लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्त्यापासून आत, कोणीतरी साहसी खेळांचं रिसॉर्ट काढलं होतं आणि ते बंद पडलं होतं. तिथे चाळीस फुटी भिंत उभी होती. मालकाला जमीन मोकळी करून प्लॉट पाडायचे होते. आम्ही दोघं एका रविवारी बसने गेलो. मालक धोतर-टोपीतला, मिश्कील माणूस. म्हणाला, "मॅडम, ही भित्ताड न्या एकदाची. भंगारवाला उद्या येनार हाय, त्याच्या आधी न्या."

बाईंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या भिंतीच्या मागे गेल्या. प्रत्येक फळीच्या मागे भोकाभोकाला दात असलेला नट ठोकलेला असतो, त्यात पुढून बोल्ट जातो, त्यावर होल्ड बसतो. सगळा जीव त्या नटांवर. बाई अर्धा तास एकेक नट बोटाने चाचपत होत्या. मग पिशवीतून दोर काढला, वरच्या आडव्या दांड्यावरून घेतला, दुसरं टोक माझ्या कमरेला बांधलं, कसं धरायचं ते सांगितलं आणि चढायला लागल्या. सत्तावन्नाव्या वर्षी.

"आवो, पडाल!" मालक ओरडला.

"पडले तर भंगारात घाला," बाई वरून म्हणाल्या, "वजनावर."

त्या शेंड्यापर्यंत गेल्या. तिथून त्यांनी खाली बघितलं आणि हसल्या. तसं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मालकही गार झाला. सौदा भंगाराच्या भावातच ठरला आणि बाईंनी तो स्वतःच्या खिशातून केला. याहून जास्त त्याविषयी मी बोलणार नाही, त्यांना आवडलं नसतं.

आता भिंत आणायची कशी? इथे संतोष आला. संतोष म्हणजे आमचाच माजी विद्यार्थी, बाईंचा लाडका, शाळेमागच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. पस्तिशीचा, गळ्यात चेन, मोठा आवाज, आणि बाईंसमोर आला की अजून सातवीतला. त्याने ट्रेलर आणला, क्रेन आणली, वीस कार्यकर्ते आणले. "बाई, तुम्ही फक्त खुर्चीत बसा." बाई कसल्या बसतायत! एकेक फळी उतरताना त्या खाली उभं राहून नंबर सांगत होत्या आणि मी रंगाने लिहीत होतो. संध्याकाळपर्यंत अख्खी भिंत सुटी होऊन आमच्या मैदानात आली. पोरांनी बाईंच्या पाया पडून घेतलं. त्या दिवशी मला खरंच वाटलं की हे होणार.

पण पाया खणायला परवानगी हवी, परवानगीला फाईल हवी, आणि फाईल म्हटलं की झालं. पावसाळा लागला. फळ्या ताडपत्रीखाली पडल्या होत्या. बाई रोज मधल्या सुटीत ताडपत्री उचलून बघायच्या आणि तोंड बारीक करून परत यायच्या.

जुलैच्या शेवटी संतोष शिक्षकखोलीत आला. दरवर्षी त्यांच्या मंडळाचा देखावा मीच करून देत असे, त्यामुळे मला वाटलं माझ्याकडे आलाय. तो बाईंकडे वळला. "बाई, यंदा कैलास पर्वत करतोय. तुमच्या फळ्या दहा दिवस द्या. इथे पावसात कुजतायत, आमच्या मांडवात पत्र्याखाली कोरड्या राहतील. गणपती उठले की जशाच्या तशा परत."

बाईंनी डब्यातून मान वर केली. मीच घाईघाईने म्हणालो, "द्या की! कुजण्यापेक्षा बरं." खरं सांगू? मला चाळीस फुटी कैलास दिसायला लागला होता. आयुष्यभर थर्माकोलचे डोंगर केलेला माणूस मी. डोळ्यांपुढे एकदम तो आकार आला आणि मला दुसरं काही सुचेना.

बाईंनी "हो" म्हटलं. संतोष गेल्यावर मी म्हणालो, "मनात नसेल तर नाही म्हणा हो, आपलाच पोरगा आहे." त्यावर त्या डबा बंद करत म्हणाल्या, "पाटणकर, गणपतीला नाही म्हणायची सोय तुम्हाला आहे. मला नाही."

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. आणि मी, बावीस वर्षं शेजारी बसणारा मी, ते ऐकून घेतलं आणि कैलासाचं कच्चं चित्र काढायला घेतलं. आज ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. संतोषच्या मनात तसलं काही नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण गल्लीत वीस तोंडं असतात आणि बाई ती सगळी ओळखून होत्या.

मांडवात फळ्या उभ्या केल्या तेव्हा अडचण आली. सगळीकडे भोकं. होल्ड काढलेले, आणि प्रत्येक फळीवर हातहाताच्या अंतरावर भोक. पांढऱ्या रंगात ती काळी भोकं देवीच्या व्रणांसारखी दिसायला लागली. कार्यकर्ते माझ्याकडे बघू लागले. मी शिडीवर उभा होतो, हातात ब्रश. मी म्हणालो, "बुजवा."

हा शब्द माझा. दुसऱ्या कोणाचा नाही. प्लॅस्टर ऑफ पॅरिस कालवलं, भोकाभोकात भरलं, वरून गोणपाट लावून कडे केले, घळी केल्या, बर्फ केला. मी इतकं सुंदर काम आयुष्यात केलं नव्हतं. लोक लांबून बघायला आले. मंडळाला देखाव्याचं बक्षीस मिळालं आणि त्यांनी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. रांगेत उभ्या राहून आल्या, दरवर्षी येत तशा. कैलासासमोर उभ्या राहिल्या, वरपासून खालपर्यंत सावकाश बघितलं. मी कौतुकाची वाट बघत होतो, मूर्खासारखा.

"सुंदर झालाय हो," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "भोकं कुठे गेली?"

"निघेल हो ते, प्लॅस्टर आहे, त्याला काय!" मी म्हणालो.

त्यांनी प्रसादाचा मोदक घेतला, रुमालात गुंडाळला आणि गेल्या.

विसर्जनानंतरच्या रविवारी मंडळाच्या पोरांनी बाईंना न सांगता मोठं काम केलं. त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. सगळ्या फळ्या मैदानात आणून आडव्या टाकल्या, पाइपने पाणी मारलं, आणि एकेका भोकात लोखंडी सळी घालून वरून हातोड्याने ठोकत प्लॅस्टर पाडलं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वीस पोरं. हाताला फोड आले. मीही होतो, चहा वाटत होतो. सोमवारी बाई आल्या तर सगळी भोकं मोकळी, फळ्या धुऊन उभ्या केलेल्या. त्यांनी संतोषच्या डोक्यावरून हात फिरवला. मग विचारलं, "पुढून ठोकलंत की मागून?"

"पुढून, बाई. जोरात लागतं पुढून."

बाईंचा हात तसाच राहिला. पुढून ठोकलं की मागचा नट सुटतो, त्याचे दात लाकडातून उखडतात. जे नट सरळ निखळून पडले होते ते बाईंनी पुढच्या दोन महिन्यांत स्वतः बसवले. पण जे अर्धवट ढिले होऊन जागेवरच राहिले होते ते बघून कळत नाहीत. हात लावला तर घट्टच वाटतात. भार आल्यावर फिरतात.

तरीही हे निभलं असतं. भिंत उभी केल्यावर मागे माणूस जाईल एवढी जागा ठेवायची, मागून एकेक नट पान्याने धरून बदलायचा, असं बाईंचं ठरलं होतं. त्यांनी जमिनीवर फक्कीने रेघ मारून ठेवली होती. आणि नेमकं तेव्हाच त्यांना मतदार याद्यांच्या कामाला लावलं. शाळामास्तरला कुठल्याही कामाला लावायला कोणाची ना नसते. बाई तीन आठवडे उन्हातान्हात जिने चढत लोकांचे आधार कार्ड बघत फिरत होत्या. इकडे परवानगी एकदम आली, कारण वॉर्डातल्या एका पुढाऱ्याला उद्घाटन हवं होतं. हेडमास्तर म्हणाले, बाई परत येईपर्यंत उभी करून टाकू, खूश होतील. स्टेजला जागा हवी म्हणून रेघ पुसली आणि भिंत चार हात मागे सरकवली. कंपाउंडच्या भिंतीला चिकटून. मागे हाताचा पंजा जाईल एवढी फट. काँक्रीट ओतून मोकळे झाले.

मी हेडमास्तरांना सांगितलं होतं. एकदा सांगितलं. मोठ्याने सांगितलं नाही.

बाई परत आल्या, फटीत हात घालून बघितला आणि पिशवीतून दोर काढला. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. रंगीत होल्ड लावून झाले होते, फुगे बांधून झाले होते. मी पुन्हा दोर धरला. बाई चढल्या. पहिला होल्ड ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्यावर त्यांनी पाय टाकला आणि तो होल्ड हळूच, दाराची मूठ फिरावी तसा, फिरला. बाई दोरावर लोंबकळल्या. मी त्यांना खाली घेतलं. त्या पुन्हा चढल्या. डावीकडून, उजवीकडून, मधून. संध्याकाळपर्यंत त्यांनी पोहोचेल तो प्रत्येक होल्ड ओढून बघितला आणि जो फिरेल त्यावर खडूने फुली मारली. मग खाली उतरून लांब जाऊन उभ्या राहिल्या. फुल्याच फुल्या होत्या.

"मुलं नाही चढणार," त्या हेडमास्तरांना म्हणाल्या.

"अहो बाई, उद्घाटन तर होऊ द्या! मग चढोत न चढोत."

उद्घाटन झालं. नारळ फुटला, फुगे सुटले, पुढाऱ्याने पहिल्या होल्डला हार घातला. संतोषने बाईंना पुढे ओढून फोटोत उभं केलं. त्याला अजून काही कळलं नव्हतं. नंतर कळलं तेव्हा तो माझ्या घरी येऊन ढसाढसा रडला. पण बाईंना जाऊन भेटायची त्याला लाज वाटली. आजतागायत तो त्या मैदानात पाऊल टाकत नाही.

बाईंनी अर्ज केले. भिंत उतरवून पुढे घ्या, नाहीतर पाडा. उत्तर आलं की ती शाळेची मालमत्ता म्हणून नोंदवली आहे, हलवायची तर समितीची मंजुरी लागेल. समिती बसली नाही. मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कोणी आलं नाही, जागा रिकामीच आहे.

निरोपाच्या दुसऱ्या दिवशी बाई पान्यांची पिशवी घेऊन आल्या आणि हाताला येतील ते होल्ड काढायला लागल्या. निघाले ते काढले. उरले ते दोन जातींचे. काही बोल्ट गंजून इतके घट्ट बसलेले की पाना वाकावा, आणि काही नुसते जागच्या जागी गरगर फिरणारे, जे आवळत नाहीत आणि निघतही नाहीत. दिसायला दोन्ही सारखेच. खडूच्या फुल्या वळवाच्या पावसात धुऊन गेल्या होत्या. बाईंनी दोर आडवा बांधला, तर पोरांनी त्याचा झोका केला. "चढू नये" अशी पाटी लावली. चढू नये म्हटल्यावर कुठलं पोर चढत नाही?

म्हणून मग बाई खुर्ची टाकून बसायला लागल्या. शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत, रविवारी सकाळपासून. ऊन असो, पाऊस असो. कोणी पोर भिंतीकडे वळलं की, "अहो, तिकडे नाही." एवढंच. ज्या बाईने पोरांना चढता यावं म्हणून लोणीहून भिंत आणली, ती आता पोरांना चढू न देण्यासाठी दिवस घालवत होती. मी अधूनमधून जाऊन शेजारी बसायचो. माफी मागायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "सर, चहा सांगता का?"

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते दिवाळीच्या सुटीत. नंतर थंडीत त्या तीन दिवसांच्या तापाने गेल्या. त्या दिवशी मी मैदानात फराळाचा डबा घेऊन गेलो होतो. चकली कशी झालीय एवढं बघायला त्यांनी मान खाली घातली, मीही डब्यातच बघत होतो. वर बघतो तर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी भिंतीवर, एका मजल्याइतकी वर. आमच्या शाळेतली नव्हती, मी तिला कधी पाहिलं नव्हतं. नवा फ्रॉक, पाय अनवाणी. कोणी शिकवलेलं नसताना ती पायांनी चढत होती.

मी धावत जाऊन खाली हात पसरून उभा राहिलो, त्याचा काय उपयोग होता देव जाणे. बाई ओरडल्या नाहीत. भिंतीपासून दोन पावलांवर उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "छान चाललंय. आता थांबा आणि माझं ऐका. उजवा पाय खाली आणा. आणखी. निळा लागला? तो नको, तो फिरतो. त्याच्या शेजारी पिवळा आहे, तो गंजलेला आहे, तो धरेल. हं. आता डावा हात सोडा, मधला लाल घ्या. लाल घट्ट आहे. घाई नाही. आपल्याला भरपूर वेळ आहे."

तो प्रत्येक होल्ड बाईंना पाठ होता. कुठला फिरतो, कुठला बसलाय. मुलगी एकेक पाय टाकत खाली येत होती आणि बाईंचा आवाज तिच्या अर्धं पाऊल पुढे होता. मैदानात दुसरं कोणी नव्हतं. बघता बघता मुलगी जमिनीला लागली. मी पसरलेले हात खाली घेतले.

मुलगी धापा टाकत होती आणि तिचं तोंड आनंदाने फुललं होतं. "मी चुकले का?" तिने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं काहीच चुकलं नाही."

"मग उद्या परत शिकवाल?"

"इथे नाही. इथे परत यायचं नाही, कळलं?"

"मग कुठे येऊ?"

बाईंकडे कुठल्याही प्रश्नाला उत्तर तयार असायचं. या वेळी त्यांनी नुसती तिच्या फ्रॉकवरची धूळ झटकली. मुलीने आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं, मग ती चपला हातात घेऊन फाटकाकडे पळाली. बाई खुर्चीकडे वळल्या नाहीत. भिंतीला हात लावून, माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. जवळ जायची माझी हिंमत झाली नाही. मी डबा खुर्चीवर ठेवला आणि घरी आलो.